कपाटावर समुद्र काढायचाय? आधी हिप्परग्याला जाऊन या

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका ताईंना मुलीच्या खोलीसाठी कोकणचा समुद्र हवा आहे. भिंतीवर लावायला दोन-तीन चित्रं जलरंगात, आणि सासूबाईंच्या जुन्या सागवानी कपाटाच्या दारांवर होड्या आणि लाटा. अडचणी तीन. चित्रातलं पाणी 'अंथरलेल्या निळ्या चादरीसारखं' दिसतं. कागद ओला करून ब्रश रंगात बुडवेपर्यंत कागद वाळलेला असतो. आणि कपाटाच्या आतल्या बाजूला ॲक्रिलिकचा एक तुकडा करून पाहिला, तो चार दिवसांनी नखाने सोलून निघाला.

चादर म्हणालात ते बरं झालं, सोलापूरकराला लगेच समजतं. चादरीत रंग काठापासून काठापर्यंत सारखा असतो. पाण्यात तो कधीच सारखा नसतो. सगळी भानगड इथेच आहे.

मी सुरुवात दुकानाच्या पाट्या रंगवण्यापासून केली, मग शाळेत चित्रकला शिकवली, आणि गेली वीसेक वर्षं लोकांचं जुनं फर्निचर रंगवून देतो. त्यामुळे तुमच्या तिन्ही चुका मी स्वतः करून बसलोय.

आधी रंगाचं बघू. कोकणचा समुद्र निळा नाही. आपण तो निळा समजतो, कारण लहानपणी रंगपेटीत निळी वडी 'समुद्राची' होती. रत्नागिरीच्या किंवा हर्णैच्या किनाऱ्यावर उभं राहून नीट पाहा: काठाशी पाणी वाळूच्या रंगाचं, जरा पुढे मळकट हिरवं, त्यापुढे राखाडी हिरवं, आणि अगदी क्षितिजाशी एक बारीक गडद पट्टी, तेवढीच काय ती निळी. खाडीच्या मुखाशी तर गाळामुळे पाणी चहासारखं असतं. पावसाळ्यात सगळाच समुद्र तसा. म्हणून ट्यूबमधला निळा सरळ कागदावर नेऊ नका. मी सेरुलियन निळ्यात चिमूटभर रॉ सिएना (पिवळट मातकट) घालतो; खोल पाण्याला व्हिरिडियन हिरवा आणि थोडं बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी); ढगाळ दिवसाला अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना. ही शेवटची जोडी राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळं देते. थॅलो ब्लू हा फार जोरकस निळा घरात ठेवा, पण लपवून. एकदा कागदात मुरला की पुसता येत नाही आणि सगळं चित्र औषधाच्या बाटलीसारखं दिसतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. मोबाइलवर बघून काढलेल्या समुद्रचित्रांत सकाळी सूर्य पाण्यातून वर येतो, बाजूला लाल-पांढरे पट्टे मारलेलं दीपगृह असतं आणि वर पाइनची झाडं. आपला किनारा पश्चिमेचा. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून, जमिनीवरून येतं, म्हणून पाण्याचा खरा रंग तेव्हा दिसतो आणि होड्यांचे रंगही झळझळीत दिसतात. संध्याकाळी ऊन समोरून येतं. पाणी चांदीसारखं पांढरं, होड्या नुसत्या काळ्या आकृत्या, रंग जवळजवळ नाहीसा. एकाच चित्रात झळझळीत लाल होडी आणि तिच्या मागे पाण्यात बुडणारा सूर्य, असं काढलं की बघणाऱ्याला काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं, काय ते सांगता येत नाही. झाडं सुरूची आणि माडाची, दगड जांभ्याचा. तो जांभ्याचा तांबडा काठाला आला की मळकट हिरवं पाणीसुद्धा निळं भासायला लागतं. पाणी निळं दिसावं म्हणून निळा वाढवण्यापेक्षा शेजारी तांबडा ठेवणं केव्हाही स्वस्त.

क्षितिज नेहमी तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. वाळूत बसलात, डोळे जमिनीपासून मीटरभर वर, तर क्षितिज फक्त साडेतीन किलोमीटरवर. पन्नास मीटर उंच कड्यावर गेलात तर पंचवीस किलोमीटरवर. म्हणजे बसून काढलेल्या चित्रात पाण्याची पट्टी अरुंद हवी आणि होडीची डोलकाठी क्षितिजाच्या बरीच वर जायला हवी. कड्यावरून काढलेल्या चित्रात पाणी भरपूर आणि होडी पूर्ण पाण्यावरच. तुमच्या चित्रांत बहुधा पाणी कड्यावरून पाहिलेलं आणि होडी वाळूतून पाहिलेली असणार. चादर अंथरल्यासारखं वाटतं ते यानेही.

आता लाट. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की ती फुटते. म्हणून फेसाच्या रेघा कुठेही मनाला येतील तिथे ओढू नयेत, उथळ जागीच ओढाव्यात. फुटायच्या आधी लाट उभी राहते, तिच्या पातळ अंगातून उजेड आरपार येतो, तिथे एक सुंदर पिवळट हिरवा दिसतो. तो हिरवा सगळ्या चित्रात एकाच ठिकाणी ठेवा. फेस पांढरा असतो पण त्याची सावली जांभळट राखाडी. सगळा फेस कोरा कागद ठेवला तर तो कापसासारखा दिसतो. ऊन चमकतं ते ठिपके दाखवायला खरखरीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा, झपकन ओढायचा. मेणबत्तीचं टोक आधी घासलं तरी चालतं. मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावायचा रबरी द्रव) मात्र आपल्या उन्हाळ्यात जपून. एप्रिलमध्ये मी ते रात्रभर कागदावर ठेवलं, सकाळी काढताना कागदाची सालच घेऊन आलं.

हे सगळं शिकायला दर वेळी कोकण गाठायची गरज नाही. रत्नागिरी-सोलापूर हायवे एका टोकाला आपल्या दारात आणि दुसऱ्या टोकाला समुद्रात आहे हे खरं, पण मध्ये मंगळवेढा, सांगली, कोल्हापूर आणि आंबा घाट येतो. हिप्परग्याचा तलाव तर शहराला लागूनच आहे. वाऱ्याने पाण्यावर पडणाऱ्या चुण्या जवळ मोठ्या आणि लांब जाताना बारीक होत कशा जातात, ते तिथे बघा. प्रतिबिंबांसाठी सिद्धेश्वराचं तळं: सकाळी सात वाजता देवळाची पांढरी भिंत पाण्यात थोडी गडद दिसते आणि काळी सावली थोडी उजळ. हा नियम समुद्रातल्या होडीलाही तसाच लागू. उजनीच्या फुगवट्यावर मच्छीमारांच्या होड्या मिळतील, हिवाळ्यात रोहित पक्षीही. एक महिना दर रविवारी पाणी बघा, मग कोकणात दोन दिवस गेलात तरी पुरतं.

जायचंच असेल तर मी जूनच्या पहिल्या आठवड्यात जातो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, काही झापांखाली, काहींना नवा रंग चाललेला. पाण्यातली होडी डुलत असते, तिचं चित्र नवख्याला जमत नाही. वाळूवरची होडी स्थिर असते, तिच्या पोटाची गोलाई, नाळेचं उचललेलं टोक, लहान होडीला तोल राखायला बाजूला बांधलेलं लाकूड म्हणजे उलांडी, सगळं शांतपणे मोजता येतं. शिवाय जवळ कुणीतरी खलाशी बसलेला असतोच, तो तुमची चूक बिनदिक्कत सांगतो. मला एकाने सांगितलं होतं, "गुरुजी, तुमच्या तीन होड्या तीन दिशांना तोंडं करून नांगरल्यात, वारा काय तीन आहेत?" नांगरलेल्या होड्या वाऱ्याला आणि प्रवाहाला धरून जवळपास एकाच दिशेला तोंड करतात. निशाण, धूर आणि शीड यांनाही एकच वारा लागतो.

कागद वाळतो ही तक्रार शंभर टक्के सोलापूरची. मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की इथली हवा कागदातलं पाणी ओढून घेते. उपाय सगळे घरातले. कागद ३०० जीएसएमचा आणि सुती घ्या. लाकडाच्या लगद्याच्या कागदात पाणी वरच राहतं आणि लगेच उडतं. दोन्ही बाजूंनी नीट भिजवा आणि सनमायकाच्या फळीवर किंवा काचेवर सपाट चिकटवा. खालून हवा लागत नाही, म्हणून पंधरा-वीस मिनिटं ओलावा टिकतो. पंखा बंद. कूलर मात्र चालू, फक्त झोत थेट कागदावर नको. कूलरने खोलीत दमटपणा येतो आणि तोच आपल्याला हवा आहे. उन्हाळ्यात कूलरचा चित्रकाराला होणारा फायदा दुकानदारालाही माहीत नसतो. पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब घातले तर रंग उशिरा वाळतो, पण जास्त झालं तर आठवडाभर चिकटच राहतो. आकाशाचा रंग लागेल त्याच्या दुप्पट आधीच कालवून ठेवा, कारण मध्येच पुन्हा कालवायला गेलात की कड वाळून रेघ पडलीच. आणि बोअरचं पाणी वापरू नका. क्षारांमुळे अल्ट्रामरीनसारखा रंग कणाकणाने बसतो. कधी ते छान दिसतं, पण स्वच्छ आकाश हवं असेल तेव्हा नको. फिल्टरचं पाणी बरं.

हे झालं कागदाचं. आता कपाट, आणि इथे मी जरा स्पष्ट बोलतो.

सासूबाईंचं कपाट खरंच जुनं सागवान असेल आणि पॉलिश बरं असेल, तर ते रंगवू नका. सागाच्या रेषा पुन्हा मिळत नाहीत. फारच हौस असेल तर दाराच्या आतल्या चौकटीपुरता समुद्र करा आणि बाहेरची लाकडाची कड तशीच ठेवा. त्याने चित्राला आपोआप फ्रेम मिळते. किंवा घरात माळ्यावर पत्र्याची ट्रंक असेलच, ती घ्या. गंज घासून, रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा प्राइमर) मारून तिच्यावर गलबत काढलं तर मुलीला खजिन्याची पेटी मिळेल आणि सासूबाईंचं मनही मोडणार नाही.

फर्निचर रंगवणं हे हलकं काम आहे असंही मनात आणू नका. सावंतवाडीत गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) आणि रंगीत लाकडी वस्तूंची परंपरा आहे. तिथे गंजिफाच्या पानांना चिंचोक्याची खळ वापरतात. खळ म्हटल्यावर सुताला खळ देणाऱ्या आपल्या मागवाल्यांना वेगळं सांगायला नको. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेन यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं तर रंगवलीच, मुलांसाठी खेळणी आणि फर्निचरही केलं.

तुमचा तुकडा का सुटला ते सांगतो. खाली काय आहे हे न बघता वर रंग मारला म्हणून. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून कपाटाच्या एका कोपऱ्यावर घासा. चिकट होऊन तपकिरी निघालं तर ते चपड्याचं (लाखेचं) पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हीने हललं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) हे कडक लेप. पॉलिश आणि वर्षानुवर्षांचं मेण, हाताचं तेल, यावर पाण्याचा रंग कधीच धरत नाही. मी माझ्या सुरुवातीच्या काळात एका ओळखीच्यांच्या कपाटावर जुन्या ऑइल पेंटवर सरळ ॲक्रिलिकने मोठं शिडाचं जहाज काढलं होतं. पहिल्या मे महिन्यात शिडाचे पापुद्रे निघाले. त्यांनी ते झाडूने गोळा करून मला दाखवले. पैसे परत दिले, पण त्यापेक्षा तो झाडू जास्त लागला.

करायचं असं. दारं बिजागऱ्यांतून काढून आडवी ठेवा. उभ्या दारावर पातळ रंगाचे ओघळ येणारच. डिटर्जंटच्या पाण्याने पुसा, वाळल्यावर टर्पेंटाइनच्या फडक्याने मेण काढा. मग १८० चा पॉलिशपेपर, मग २२०, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. रंगवलेलं जुनं फर्निचर असेल तर इथे थांबा: आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा कमी हवं हा नियम २०१६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, पाणी लावून वॉटर पेपरने घासा, मुलीला त्या खोलीत येऊ देऊ नका, आणि गाळ ओल्या फडक्याने उचला.

घासून झालं की सरळ पांढरा प्राइमर मारू नका. सागाच्या आतला तपकिरी अंश पाण्यात सुटतो आणि तुमच्या ढगांवर चहाचे डाग उमटतात, तेही महिनाभराने. आधी मेण काढलेल्या चपड्याचे दोन पातळ हात द्या, तो डाग खाली अडकवून ठेवतो. खाचांत लांबी (पुटी) भरा, मग वॉटर-बेस वुड प्राइमर, मग ३२० ने हलकं. हात फिरवल्यावर पाटीवर लिहायच्या खडूसारखं वाटलं पाहिजे. त्या भुकेल्या पृष्ठभागावर पातळ ॲक्रिलिक बऱ्यापैकी जलरंगासारखं वागतं. जलरंग स्वतः कपाटावर वापरायचा विचार असेल तर सोडून द्या, वार्निशचा पहिला ब्रशच तो पुसून नेईल. ॲक्रिलिकमध्येही नुसतं पाणीच ओतत राहू नका, रंगाची पकड सुटते. फार पातळ हवं असेल तर ग्लेझिंग मीडियम (पकड न सोडता रंग पातळ करणारा द्रव) मिसळा.

चित्र कसं असावं? कागदावरचा समुद्र जसाच्या तसा कपाटावर नेऊ नका. कपाट रोज येता-जाता दिसतं, त्यावर बारीक छटा हरवतात. होकुसाई या जपानी चित्रकाराची ती प्रसिद्ध लाट आठवा, साधारण १८३१ ची. ती लाकडी ठशांनी छापलेली आहे: सपाट रंग, ठाम कडा, आणि तेव्हा युरोपातून नव्याने येणारा प्रशियन ब्लू. फर्निचरला ही रीत शोभते. तीन-चार रंग, तेही आपल्याच पाण्याचे, राखाडी हिरवे. दोन दारांच्या मधल्या फटीवर होडी आणू नका, दार उघडलं की ती दुभंगते. फटीवर मोकळं पाणी असू द्या.

क्षितिजाची गंमत ऐका. जुनी कपाटं कुठे ना कुठे कललेली असतात. लेव्हल पाइप लावून क्षितिज अगदी बिनचूक काढलं तर कललेल्या चौकटीत तेच वाकडं दिसतं. म्हणून आधी पायाखाली पाचर घालून कपाट सरळ करा आणि मग क्षितिज दाराच्या वरच्या कडेला समांतर ओढा. मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालचाच रंग एकदा फिरवा, म्हणजे वरचा रंग टेपखाली झिरपत नाही. टेबलाचा वरचा फळा रंगवायचा असेल तर तिथे क्षितिज नकोच. टेबलाकडे आपण वरून बघतो, तिथे पुळणीवर येऊन थांबलेल्या फेसाची वेडीवाकडी रेघ किंवा होकायंत्र काढा. टेबलावर मावळता सूर्य काढला की चहाचा कप आकाशात ठेवल्यासारखा वाटतो.

सांध्यांवर जाड रंग नको. एप्रिलमध्ये लाकूड आकसतं, जुलैत फुगतं, ड्रॉवर अडकायला लागतात ते त्यामुळेच, आणि जाड थर तिथेच तडकतो. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत काढा. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत कपाट तयार, असा हिशोब ठेवला तर उत्तम. उन्हाळ्यात वार्निश ब्रशखालीच आळतं आणि वावटळीची धूळ त्यात चिकटते.

वार्निश पाण्याचं, मॅट, तीन पातळ हात, रंग पूर्ण वाळल्यावर एक दिवस थांबून. तेलाचं वार्निश कितीही चकचकीत दिसलं तरी नको: ते हळूहळू पिवळं पडतं, आणि निळ्यावर पिवळं म्हणजे हिरवं. एका मुलाच्या पलंगावर मी काढलेला समुद्र दोन वर्षांत शेवाळलेल्या हौदासारखा झाला होता. वार्निश हाताला तासाभरात कोरडं लागतं, पण आतून कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर त्यावर पुस्तकं रचू नका, दारं घट्ट मिटून ठेवू नका. मुठी बदलणार असाल तर काथ्याच्या दोरीच्या लावा, चित्राला शोभतात आणि मंगळवार बाजारात दोरी मिळते.

हे सगळं करायच्या आधी कपाटाच्या पाठीवर, भिंतीकडच्या बाजूला, हातभर जागेत हा सगळा क्रम एकदा करून बघा. तीन दिवसांनी ब्लेडने त्यावर आडव्या-उभ्या बारीक रेघा मारा, चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर समोरची बाजू घ्या. पट्टीबरोबर निघून आले तर रंगाला दोष देऊ नका, पुन्हा १८० चा पेपर हातात घ्या.